फिन्सच्या तीन जोड्या आणि एक डावा पाय

समुद्राच्या तळाशी जायची मला कधीच हौस नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी शिरलं, असा आमच्या इमारतीत अजूनही समज आहे. शिरलं काहीच नाही. मला फक्त माझ्या मुलीचं ऑफिस बघायचं होतं. आता ते ऑफिस पाण्याखाली आठ मीटरवर असलं, तर त्याला मी काय करणार?

आमची लेक प्रवाळ मोजते. म्हणजे समुद्राच्या तळाशी दोऱ्या बांधून चौकोन आखलेत, त्यांतलं कुठलं प्रवाळ वाढलं, कुठलं पांढरं पडलं, याची नोंद ठेवते. मी स्वतः वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानातले काटे, पेट्रोलची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासायच्या. बरोबर असल्या तर शिक्का मारायचा, नसल्या तर लाल चिठ्ठी चिकटवायची. त्यामुळे मोजमाप आमच्या घरात रक्तातच आहे, असं मी धरून चाललो होतो. लेकीचं कुणी कौतुक केलं की त्यातला थोडा वाटा मी न विचारता स्वतःकडे घेत असे.

पण मागच्या वर्षी बायको लेकीकडे जाऊन राहिली आणि सगळं बिघडलं. बायकोला पोहता येतं. तिथे तिने बुडी मारायचं रीतसर शिकून घेतलं आणि चक्क लेकीच्या ऑफिसात जाऊन आली. तेव्हापासून फोनवर दोघींचं जे काही चालायचं, त्यात मला शिरायला जागाच नव्हती. पाण्याखाली समोरून एक मोठं कासव आलं, तेव्हा बायको म्हणे जिन्यात आपण वडीलधाऱ्यांना वाट देतो तशी अंग चोरून बाजूला झाली. यावर दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. मी म्हणायचो, "मग त्यात हसण्यासारखं काय? कासव वयाने मोठं असणारच."

"जाऊ दे," बायको म्हणायची. "तुम्हाला नाही कळायचं. तिथे असावं लागतं."

नाही कळायचं! मी तीस वर्षं सरकारी परिपत्रकं वाचून त्यांचा अर्थ लावणारा माणूस. ज्याला परिपत्रक कळतं त्याला कासव कळणार नाही?

त्यात लेकीने कळवलं की दीड महिन्याने तो भाग दोन वर्षांसाठी बंद होणार आणि तिची बदली दुसऱ्या समुद्रावर होणार. "बाबा, तू आलास तर त्याआधीच ये," ती म्हणाली. "पण उगीच ओढून ताणून येऊ नकोस हं." त्या "हं"मुळे मी दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक तरणतलावावर जाऊन बुडी मारायच्या वर्गात नाव घातलं.

तिथल्या शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं पाण्याखाली राहून आल्यामुळे असेल, जमिनीवर फार कमी बोलायच्या. साठीच्या, आडव्या बांध्याच्या, गळ्यात शिट्टी. शेवटी एक परीक्षा असते, त्या म्हणाल्या. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर मास्क, पायांत फिन्स असा सगळा सरंजाम चढवून तलावाच्या चार लांब्या मारायच्या. जमलं तर दाखला. दाखला असेल तर सोबत जाणकार घेऊन समुद्रात उतरता येतं. नसेल तर घरी बसायचं.

"टाकी, मास्क, जॅकेट आमचं वापरा," बाई म्हणाल्या. "फिन्स मात्र स्वतःच्या आणा. पाय ज्याचे त्याचे असतात."

"कुठल्या मापाच्या आणू?"

बाईंनी एकदा माझ्या पायांकडे बघितलं. "ते तुमचं तुम्ही शोधा. मी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. चूक झाली की या."

वजनमापं खात्यातल्या माणसाला, माप चुकेल म्हणून आगाऊच सांगणं मला जरा झोंबलंच.

फिन्स म्हणजे पायात घालायची ती बदकाच्या पावलांसारखी रबरी वल्ही. एवढीशी गोष्ट. मी ती संध्याकाळी जिना चढताना बायकोला हळू आवाजात सांगितली. आमच्या जिन्यात आवाज वर चढतो. आम्ही दार उघडून आत जातोय तोच वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर पेन्सिल कानावर खोचून हजर. यांनी आयुष्यभर पाणी उपसायचे पंप बनवले. पाणी कसं वागतं हे आपल्याला विचारून ठरतं, अशी त्यांची समजूत आहे.

"पृष्ठभाग!" ते खुर्ची ओढत म्हणाले. "सगळा खेळ पृष्ठभागाचा. जेवढं पाणी मागे लोटाल तेवढे पुढे जाल. साधं गणित आहे."

त्यांनी टेबलावरचं आमचं वीजबिल उलटं केलं आणि मागच्या बाजूला आकृती काढली. खूप बाण होते. बाणांच्या मधोमध एक ठिपका.

"हा मी का?"

"हे तुमचं वस्तुमान," ते म्हणाले, आणि ठिपका जरा मोठा केला.

निष्कर्ष असा निघाला की मिळतील त्यातल्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात कडक फिन्स घ्यायच्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात काचेआड एकच जोडी टांगलेली होती. एकेक फिन माझ्या कमरेपर्यंत. दुकानदाराने शिडी लावून ती काढली आणि फुंकर मारली तेव्हा आम्ही दोघंही शिंकलो.

"या कोण नेतं?" मी विचारलं.

"अजून कुणी नाही," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "शोभेला ठेवल्या होत्या. पण माल मजबूत आहे."

त्याने मला एक फिन वाकवून दाखवायचा प्रयत्न केला. ती वाकली नाही. तो वाकला. एवढी मजबुती बघून मी खूश झालो. त्या दोन्ही काखोटीला मारून मी बसमधून घरी आलो. बसमध्ये मला बसायला दोन जागा मिळाल्या, कारण शेजारचा गृहस्थ उठून गेला. इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "छताचे पंखे आणलेत का?" मी मान हलवली. खरं सांगायचं तर जिना आणखी बोलका करायची माझी तयारी नव्हती.

तलावावर माझी वेळ आणि ज्येष्ठ महिलांच्या पाण्यातल्या व्यायामवर्गाची वेळ एकच होती. उथळ भागात पंधरा-वीस जणी रंगीत टोप्या घालून हात वर-खाली करत असायच्या. त्यांच्यासमोरून मी उलटा चालत काठावर गेलो. फिन्स घालून उलटंच चालायचं असतं, बाईंनी हे पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. मग बसलो, घसरलो आणि पहिली लाथ मारली.

इंजिनिअरांचं गणित बरोबर होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. त्या एका लाथेत मी इतका पुढे गेलो की मला लेकीचं ऑफिस दिसायला लागलं. दुसरी लाथ मारायला कष्ट पडले. तिसऱ्या लाथेला डाव्या पोटरीत कुणीतरी आतून गाठ मारली. तिला सोडवायला उजवा पाय मदतीला धावला, तर त्याच्या पोटरीतही गोळा आला. दोन्ही पाय लाकडासारखे ताठ, पुढे दोन ताठ फळ्या, आणि मी पाठीवर तरंगत "अहो! अहो!" एवढंच म्हणतोय. "वाचवा" म्हणायला लाज वाटत होती.

तेवढ्यात माझ्या फिनला हिसका बसला. फुलाफुलांच्या टोपीवाल्या एका आजींनी तिचं टोक पकडलं होतं आणि होडी ओढावी तसं त्या मला उथळ पाण्याकडे ओढत नेत होत्या.

"मावशी, राहू द्या, मी येतो," मी म्हणालो.

"येताय कुठले!" त्या म्हणाल्या. "वय काय तुमचं?"

"बावन्न."

"मग लहान आहात. शिकाल."

काठावर बाईंनी माझ्या पोटऱ्या रगडल्या आणि फिन्सकडे बघून म्हणाल्या, "या शर्यतीतल्या पोहणाऱ्यांच्या. यांना घोड्यासारख्या मांड्या लागतात." आणि मग सगळ्यांसमोर माझ्या मांड्यांकडे बघितलं. पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मांड्यांबद्दल आजवर जाहीर ठिकाणी विषय निघाला नव्हता.

घरी मेहुणा येऊन बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. विमा विकतो, त्यामुळे माणूस संकटात आहे हे त्याला वासावरून कळतं.

"भाऊजी, तुम्ही चुकलात कुठे सांगू? तुम्ही सलग घेतल्या. फाटलेल्या घ्यायच्या."

"फाटलेल्या?"

"म्हणजे मधे दुभागलेल्या हो. माशाची शेपूट बघा. दुभागलेली असते की नाही? आता मला सांगा, पायात गोळा आला म्हणून थांबलेला मासा तुम्ही बघितलाय?"

असा मासा मी खरंच बघितला नव्हता. मेहुण्याने तिथेच फोन काढला, परदेशातल्या कुठल्याशा दुकानात दुभागलेल्या फिन्स शोधल्या आणि विचारलं, "बुटाचं माप?" मी बूट उलटा करून आतला आकडा वाचून दाखवला. लगेच मागणी गेलीसुद्धा. एवढ्या झपाट्याने आमच्या घरात आजवर काही झालं नव्हतं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मेहुणा म्हणाला, "ताई, तू थांब. हे तांत्रिक आहे."

फिन्स आठ दिवसांत आल्या. पण माझ्याकडे नाही, परदेशी पार्सलं तपासतात त्या सरकारी कचेरीत. मला कागद आला: "वस्तूचे स्वरूप अस्पष्ट. मालकाने समक्ष हजर राहावे."

चार नंबरच्या खिडकीमागे दोरीचा चष्मा लावलेले एक अधिकारी बसले होते. त्यांच्या शेजारी पार्सलं तोलायचा काटा होता. काट्यावर लाल चिठ्ठी होती. चिठ्ठीवर माझी सही होती.

"या, या," अधिकारी चष्मा वर करून म्हणाले. "तुम्हीच ना ते, साठ ग्रॅमवाले?"

मागच्या वर्षी त्यांचा काटा मी साठ ग्रॅमच्या फरकासाठी बाद केला होता. मी मान खाली घालून होय म्हटलं. मग त्यांनी फिन्स टेबलावर ठेवल्या आणि एक जाड पुस्तक उघडलं. मी या देशाचा तीस वर्षांचा नोकर. असं पुस्तक मीही शेकडो वेळा लोकांपुढे उघडलंय. ते समोरच्या बाजूने किती जाड दिसतं हे त्या दिवशी कळलं.

"पाठवणाऱ्याने लिहिलंय, 'पुढे ढकलणारे साधन'. कुणाला ढकलतं?"

"मला."

"मग हा जलवाहनाचा सुटा भाग होतो. तुम्ही जलवाहन आहात का?"

"नाही."

"तसं लिहून द्या."

मी कोऱ्या कागदावर "मी जलवाहन नाही" असं लिहून खाली सही केली. त्यांनी हुद्दाही घालायला सांगितला. तो कागद आजही तिथल्या फायलीत आहे, आणि माझ्या निवृत्तीच्या वेळी तो वर येणार, अशी मला दाट शंका आहे.

"आता उरलं पादत्राण किंवा क्रीडासाहित्य," ते म्हणाले. "यातली डावी कुठली?"

"दोन्ही सारख्याच."

"डावी-उजवी नाही, आणि पायात घालता?"

"पायातच घालतो. पण पाण्यात."

"पाण्यात लोक चपलाही घालतात." त्यांनी पुस्तकात बोट फिरवलं. "पादत्राण म्हणजे जे घालून चालता येतं ते. घाला. चालून दाखवा. चालता आलं तर पादत्राण, नाही आलं तर क्रीडासाहित्य."

पादत्राण ठरलं तर आणखी दोन कचेऱ्यांचे दाखले लागणार होते. म्हणजे मला फक्त एक करायचं होतं: पडायचं. पण सरकारी नोकराला सरकारी जागेत, रांगेतल्या लोकांसमोर, मुद्दाम पडता येत नाही. आतून काहीतरी आड येतं. मी फिन्स घातल्या, ताठ उभा राहिलो, आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे उलटा चालत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत बिनचूक चालून आलो. रांगेतल्या एकाने टाळी वाजवली. अधिकाऱ्यांनी फायलीत लिहिलं: "चालता येते. उलटे."

"उलटं चालणं म्हणजे चालणं का?" असा प्रश्न मी काढला. तो त्यांनाही अवघड वाटला आणि त्यांनी आतून मोठ्या मॅडमना बोलावलं. मॅडमनी फाईल वाचली, मला वाचलं आणि म्हणाल्या, "पुढे चालून दाखवा."

मी पुढे तीन पावलं टाकली. चौथ्या पावलाला उजव्या फिनवर डावी फिन पडली आणि मी पार्सलांच्या पोत्यांत तोंडावर गेलो. पडताना मी काहीही मुद्दाम केलं नाही, हे शपथेवर सांगतो.

"क्रीडासाहित्य," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारून निघून गेल्या.

जाता जाता दोरीच्या चष्म्यावाल्यांनी हळूच विचारलं, "आमच्या काट्याचं काही होईल का? चांगला चालतोय आता." मी खिशातून माझं तपासणीचं वजन काढून ठेवलं. काटा अजून साठ ग्रॅम खोटं बोलत होता. लाल चिठ्ठीचा एक कोपरा सुटत आला होता. मी तो अंगठ्याने दाबून नीट बसवला आणि फिन्स काखेत मारून बाहेर पडलो.

या फिन्स मऊ होत्या, सुंदर होत्या, दुभागलेल्या होत्या. फक्त टाचेकडून उघड्या होत्या. मागे एक पट्टा. आतमध्ये माझं पाऊल मोकळ्या घरात फिरावं तसं फिरत होतं. या जातीच्या फिन्स खास रबरी मोजे-बूट घालून त्यावर चढवायच्या असतात, हे मेहुण्याच्या माशाला माहीत असायचं कारण नव्हतं. इंजिनिअर म्हणाले, पोकळी आहे तर भरून काढा. म्हणून मी लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घालून तलावात उतरलो.

लोकर किती पाणी पिते याचं कोष्टक कुठे असेल तर मला हवंय. पहिल्याच लांबीत उजवा मोजा घोट्याखाली लोंबायला लागला आणि त्यामागोमाग उजवी फिन पायातून निघून शांतपणे तळाशी गेली. डावी मात्र घट्ट बसली होती. मी जोर लावला. तलावाची भिंत डावीकडून उजवीकडे सरकली. आणखी जोर लावला. व्यायामवर्ग समोरून गेला, मग बाई गेल्या, मग घड्याळ, मग पुन्हा व्यायामवर्ग. एका पायात वल्हं असलेला माणूस एकाच जागी गोल फिरतो. होडीच्या बाबतीत हे मला माहीत होतं. पण मी जलवाहन नाही, असं लिहून दिल्यामुळे मी गाफील होतो.

व्यायामवर्ग हात वर धरून थांबला होता. फुलांच्या टोपीवाल्या आजी म्हणाल्या, "आता जरा उलट्या बाजूने फिरा, नाहीतर चक्कर येईल."

परीक्षेला दहा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी दोन्ही जोड्या कपाटावर टाकल्या आणि जेवताना बायकोला म्हणालो, "मी काही येत नाही. तू जा. फोटो काढून आण. फोटोत तेवढंच दिसतं."

बायकोने वाद घातला नाही. ताटात वाढत राहिली. मग म्हणाली, "सकाळी तिचा फोन होता. विचारत होती, बाबाला पाण्याची भीती वाटते का."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाण्याची नाही वाटत. आपलं चुकलं असं म्हणायची वाटते."

मला राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून जास्तच वाईट वाटलं. माणसाला तीस वर्षं एकाच घरात कुणी इतकं बारकाईने तपासत असेल आणि एकदाही लाल चिठ्ठी चिकटवत नसेल, तर त्या माणसाने काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी तलावावर गेलो आणि बाईंना म्हणालो, "माझं चुकलं. माझ्या पायाचं माप घ्या."

"चला," बाई म्हणाल्या. एवढंच. सामानाच्या खोलीत ओल्या रबराचा वास होता. टाक्या भिंतीला टेकून रांगेत उभ्या, दोरीवर जॅकेटं वाळत घातलेली. बाईंनी मला बाकावर बसवलं, बूट काढायला लावले आणि एक लाकडी पट्टी आणली. तिच्यावर शिक्का नव्हता. सवयीने माझी नजर तिथे गेली, पण तोंड मी मिटून ठेवलं.

"उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या. दिवसभर चालून आलात ते बरं झालं, पाय आता खरे आहेत." त्यांनी खाली बसून आधी उजवा मोजला, मग डावा. मग परत डावा. "डावा एका नंबराने मोठा आहे तुमचा. आणि पुढे पसरट. कधी लक्षात नाही आलं?"

"बूट मी नेहमी उजव्या पायात घालून बघतो."

"मग डावा काही बोलला नाही?"

मी आठवून बघितलं. बोलला होता. रोज संध्याकाळी बोलायचा. मी त्याला थकवा म्हणायचो. साठ ग्रॅमसाठी लोकांचे काटे बाद करणाऱ्या माणसाने अख्खा एक नंबर पायाखाली दडपून ठेवला होता. मी बाकावर बसलो आणि मला एकाएकी हसू यायला लागलं. बाईंनाही आलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. शिट्टी वर-खाली होत होती.

मग त्यांनी मला फिन्स म्हणजे काय ते सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मधे न बोलता ऐकलं. आधी पायात पातळ रबरी बूट. मग फिन. बोटं हलली पाहिजेत, टाच हलता कामा नये. बसून पाय जोरात झटकायचा. फिन जागची हलली तर मोठी, बोटांना मुंग्या आल्या तर लहान. पातं आपल्या पायाच्या ताकदीचं. "शेजाऱ्याच्या नाही," असं त्यांनी मुद्दाम म्हटलं. इंजिनिअरांबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. पण प्रत्येक शिकाऊ माणसाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतच असणार.

शेवटी त्यांनी फडताळामागून एकाच जातीच्या, आखूड आणि मवाळ पात्यांच्या दोन जुन्या जोड्या काढल्या. एक मोठी, एक एका नंबराने लहान. मोठीतली एक डाव्या पायाला, लहान जोडीतली एक उजव्या पायाला. डावी पिवळी, उजवी निळी.

"या न्या," त्या म्हणाल्या. "उरलेल्या दोन कुणाला तरी येतील. उजवा पाय मोठा असलेलेही असतात."

त्या घालून मी पाण्यात उतरलो आणि दहा-बारा लाथांनंतर माझ्या पायात काही आहे हे विसरून गेलो. लाथ गुडघ्यातून नाही, कमरेतून मारायची, हळू आणि लांब. ते आठ दिवस मी फक्त एवढंच केलं. परीक्षेच्या दिवशी व्यायामवर्गाने आपला व्यायाम थांबवला आणि माझ्या लांब्या मोजल्या. "एक! दोन!" तिसरीला माझा वेग इतका कमी झाला की आजींनी "अडीच!" अशीही एक हाक दिली. पण "चार!" झालं, बाईंनी शिट्टी वाजवली आणि दाखल्यावर सही केली. वेळेच्या रकान्यात त्यांनी आकडा न लिहिता "पुरेसा" असं लिहिलं.

लेक बोटीवर वाट बघत उभी होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बाबा, हे काय? दोन रंगांच्या?"

"माप बरोबर आहे," मी म्हणालो.

तिने माझे सगळे पट्टे एकेक करून ओढून बघितले, हवेचा काटा वाचला, मास्कची कड बोटाने तपासली. आईचंही तसंच केलं. "मी सांगेन तिथेच थांबायचं, कशाला हात लावायचा नाही, माझ्यापासून दोन हातांच्या आत राहायचं." अगदी कामाच्या, कोरड्या आवाजात. मी रोज दुकानदारांशी याच आवाजात बोलतो. मला तो फार आवडला.

आणि मग आम्ही खाली गेलो. तिथलं वर्णन मी करणार नाही. एक तर मला येणार नाही, आणि दुसरं म्हणजे मी आजूबाजूला फारसं बघितलंच नाही. मी लेकीला बघत होतो. दोऱ्यांच्या एका चौकोनावर ती आडवी, अधांतरी थांबली होती. हातात पाटी आणि पेन्सिल. फिन्सची नुसती टोकं एवढीशी हलत होती. खालच्या वाळूचा एक कणही जागचा हलत नव्हता. घरात किल्ल्या हरवणारी, ओला टॉवेल पलंगावर टाकणारी मुलगी मला ओळखीची होती. या बाईला मी पहिल्यांदाच भेटत होतो. ती एकेक प्रवाळ बघायची, पट्टी लावायची, लिहायची, परत बघायची. दोनदा मोजत होती! कुणी बघत नसताना दोनदा मोजत होती.

माझी छाती भरून आली. पाण्याखाली छाती भरून येऊ देऊ नये, माणूस वर जायला लागतो. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं आणि मला राहवलं नाही. मी अंगठा वर करून तिला "शाबास!" म्हटलं.

पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "मला ताबडतोब वर जायचंय". हे मला शिकवलं होतं. परीक्षेत विचारलंही होतं.

लेकीचे डोळे मोठे झाले. पाटी सोडून ती झपकन माझ्याकडे आली. तसं नाही, तसं नाही, हे सांगायला मी दोन्ही हात हलवले; हात हलवताना तोल गेला; तोल सावरायला मी पाय मारले. फिन्स अगदी मापाच्या होत्या, त्यामुळे जोर वाया गेला नाही. तळाची सगळी वाळू उठली आणि चौकोन, दोऱ्या, बायको, समुद्र, सगळं पांढऱ्या ढगात नाहीसं झालं.

मी हललो नाही. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फक्त माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं होतं. मधूनच तो हात माझ्या हवेच्या काट्याकडे जायचा, मला चाचपायचा आणि परत मनगट पकडायचा. वाळू हळूहळू बसत होती. ती लवकर बसावी, असं मला अजिबात वाटत नव्हतं.

बोटीवर आल्यावर मी माफी मागायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "थांब बाबा, आधी लिहू दे." अंग न पुसताच तिने नोंदवही उघडली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. चौकोन क्रमांक, खोली, प्रवाहाची दिशा. मग "कामात आलेला अडथळा" असा एक रकाना होता. त्यात तिने लिहिलं:

"दृश्यता शून्य, अकरा मिनिटे. कारण: वडील."

"माझ्या वेळी काय लिहिलं होतंस गं?" बायकोने केस पुसता पुसता विचारलं.

"तुझ्या वेळी काही लिहावं लागलं नाही, आई."

बायको हसली आणि तोंड टॉवेलात लपवलं. लेकीने खाली सही केली, तारीख घातली आणि वही माझ्यापुढे धरली. नोंदीला साक्षीदाराची सही लागते म्हणे. पाण्यात त्या वेळी हजर असलेल्याची. मी चष्मा मागून घेतला, नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. एका अक्षराचीही चूक नव्हती. मी सही केली.